हळदीचा हात

"हात! हात कुठे घातलात तुम्ही?"

खिडकीच्या जाळीमागून असा काही आवाज आला, की तगरीखाली उभ्या असलेल्या वत्सलाबाईंची परडी हातातून पडता पडता राहिली.

"अहो भाऊ, केवढ्यानं दचकले मी! फुलं तोडतेय. फुलं तोडायला हात नाही तर काय पाय घालू?"

"तिथे बुलबुलाचं घरटं आहे."

"माहितीय हो. म्हणून तर अलीकडची तोडतेय."

"परवा तीन अंडी होती. आज दोनच आहेत."

वत्सलाबाईंनी परडी कमरेवर घेतली. "म्हणजे? मी खाल्लं म्हणता? आज एकादशीच्या दिवशी?"

"मी काहीही म्हणत नाही," जाळीमागून गंगाधरराव म्हणाले. "मी फक्त आकडा सांगितला."

गंगाधर गायधनी जकात खात्यातून निवृत्त झाले होते, पण जकात काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. सगळी नोकरी द्वारका चौकापलीकडच्या जकात नाक्यावर गेली. ट्रकवाला म्हणाला 'कांदे', की कांद्याखाली बघायचं. म्हणाला 'काही नाही', की जास्त बघायचं. घरी आल्यावरही तेच. दूधवाल्यानं आज माप तिरकं धरलं का? पेपरातली पुरवणी कोणी काढून घेतली? त्यांची बायको उत्तरा म्हणायची, "ह्यांना प्रत्यक्ष देव भेटला ना, तरी आधी पावती मागतील."

होळीनंतर बुलबुलाची जोडी तगरीत काड्या आणायला लागली, तेव्हा गंगाधररावांना आधी त्यांचाच संशय आला. ही दोघं रोज इथेच का येतात? मग काड्यांची वाटी झाली, वाटीत गुलाबी, लाल ठिपक्यांची अंडी आली, आणि हा माणूस विरघळला की हो! खिडकीशी खुर्ची गेली. तगरीच्या बुंध्याला बोरीच्या काट्या बांधल्या गेल्या, मांजर चढू नये म्हणून. मातीच्या परळात पाणी, बशीत पपई. एकदा तर ऊन लागतं म्हणून खिडकीच्या गजाला छत्री बांधली. ती काळी छत्री बघून बुलबुल जी उडाली, ती दुपार कलली तरी येईना. गंगाधरराव जेवलेसुद्धा नाहीत. शेवटी छत्री सोडली तेव्हा पक्षीण परतली, आणि त्यांनी सगळा दोष छत्री विकणाऱ्याला दिला.

ते तिसरं अंडं गेलं कुठे, हेही सांगून टाकतो. एकादशीच्या आदल्या दिवशी कुंपणावर भारद्वाज येऊन बसला होता. भारद्वाज दिसणं म्हणजे केवढा शुभशकुन! गंगाधररावांनी चहाचा कप खाली ठेवून त्याला हात जोडले आणि दिवस चांगला जाणार म्हणून खुशीत अंघोळीला गेले. तेवढ्यात त्या शुभशकुनानं तगरीत शिरून आपला नाश्ता उरकला. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाला नेमका चोर नमस्कार करण्याजोगा वाटला, आता काय बोलायचं?

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. घरट्याला हात लावायचा नाही. माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई परत घेत नाही, टाकून देते. आपण सगळ्यांनीच हे लहानपणापासून ऐकलंय, कुठल्याही घरात विचारा. गंगाधररावांनी हा नियम पक्ष्यांपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं.

त्यांची एकुलती एक मुलगी संपदा. तिनं चार वर्षांपूर्वी कॉलेजातल्या भारतशी रजिस्टर लग्न केलं. भारत निफाडकडचा, घरची फुलांची आणि भाज्यांची शेती. मुलगा सरळ होता, पण गायधन्यांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. "त्या घराचा हात लागला तिला," गंगाधरराव म्हणाले होते. "आता ती आपली नाही." त्यानंतर घरात संपदाचं नाव निघालं नाही. तिला मुलगा झाल्याचं बाहेरून कळलं, तेव्हा ते उठून बागेला पाणी घालायला गेले. बागेला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

तर या माणसाच्या मनात त्या एकादशीनंतर शंकेची पाल चुकचुकायला लागली. कारण अंडं नव्हतं, कारण होता मोगरा. वत्सलाबाई शेजारच्या, रोज पहाटे रिकामी परडी घेऊन येणाऱ्या आणि भरून नेणाऱ्या. ठीक. पण गेले काही आठवडे दर मंगळवारी त्या येताना केळीच्या पानाचा पुडा घेऊन यायच्या आणि उत्तराच्या हातात द्यायच्या. पुड्यात टपोरा मोगरा. जी बाई दुसऱ्याच्या कुंपणातून फुलं नेते, ती मोगरा आणते कुठून? माल उलट्या दिशेनं चाललाय म्हटल्यावर जकातवाल्याची झोप उडणारच.

"मोगरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"वत्सलाबाईंनी दिला." उत्तरा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यांच्याकडे मोगरा नाही."

"मग आणला असेल कुणाकडून."

"कुणाकडून?"

"अहो, देवाला वाहिला, वास चांगला आला. अजून काय चौकशी करायची त्याची?"

पुढच्या मंगळवारी उत्तरा देवळात म्हणून गेली आणि दोन तासांनी आली, तेव्हा तिच्या खांद्यावर पदराला दुधाचा डाग होता. देवळात कोण दूध ओकतं खांद्यावर? मोगरा कुठल्या मळ्यातला आणि दूध कुणाचं, हे गंगाधररावांना कळलं. त्यांना सगळं कळलं, आणि विचारायचं धाडस मात्र झालं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती. म्हणून त्यांनी सगळा राग घरट्याच्या पहाऱ्यावर काढला. वत्सलाबाईंना तगरीकडे यायची बंदी केली. मीटर बघायला आलेल्या माणसाला मागच्या दारानं यायला लावलं.

चैत्र सरत आला तेव्हा अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. उघडीबोडकी, डोळे मिटलेली, मान उचलून चोच फाडणारी. दोघं आईबाप दिवसभर अळ्या आणत. गंगाधरराव उत्तराला हाक मारमारून दाखवत, "बघ, बघ, आता बाप आला!" त्या वेळी ते इतके साधे दिसत, की उत्तराच्या मनात यायचं, आत्ता सांगून टाकावं. पण ते लगेच म्हणत, "तो समोरचा मुलगा का बघतोय इकडे?" आणि तिचं सांगायचं राहून जाई.

एका संध्याकाळी वाऱ्यानं धुमाकूळ घातला. सकाळी बघतात तर एक पिल्लू खाली, काट्यांच्या आत, मातीवर. जिवंत होतं. पोट वरखाली होत होतं.

"हात लावू नकोस!" गंगाधरराव ओरडले. उत्तरा अजून स्वयंपाकघरातच होती, तिथूनच तिनं विचारलं, "काय झालं?"

"पडलंय! पळी दे. नको, झारा दे!"

त्यांनी झारा आणला. झाऱ्यानं उचलायला गेले तर पिल्लू निसटून पुन्हा मातीत. सांडशी बघितली, ती टोकेरी. पुठ्ठा सरकवला, पिल्लू उताणं झालं आणि पाय झाडायला लागलं. वर फांदीवर बुलबुल जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "थांब, थांब हं बाळा," गंगाधरराव म्हणाले आणि हातमोजे शोधायला घरात धावले. हातमोजे घरात कधीच नव्हते.

ते कपाटं उघडत असताना उत्तरा बाहेर आली. कैरीच्या फोडींना लावायला ती हळद कुटत होती, हात मनगटापर्यंत पिवळे. तिनं काट्या बाजूला केल्या, पिल्लू सरळ मुठीत घेतलं आणि चवड्यांवर उभी राहून घरट्यात ठेवलं.

गंगाधररावांनी ते खिडकीतून पाहिलं.

"अगं, काय केलंस हे! हात लावलास! मारलंस तू त्याला. आता ती घेणार नाही, टाकेल."

"झाऱ्यानं मेलं असतं."

"ते निदान आपल्या हातानं नसतं मेलं!"

उत्तरा दाराशी आली. इतकी वर्षं या माणसाशी संसार केला, कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "ऐका," ती म्हणाली. "तुमचं म्हणणं खरं निघालं, आईनं याला टाकलं, तर मी संपदाचं नाव पुन्हा काढणार नाही. मंगळवारीसुद्धा कुठे जाणार नाही."

मंगळवार म्हटल्याबरोबर गंगाधरराव खाली बसले.

"पण घेतलं, तर मी फोन करणार. चोरून नाही, या घरातनं, तुमच्यासमोर. आणि ती येणार. मान्य?"

"माझ्याशी पैज लावतेस?"

"पैज नाही. मला आता झेपत नाही हो हे लपूनछपून. नातवाला देवळाच्या ओट्यावर भेटते मी. भिकाऱ्यासारखी."

दोघं खिडकीशी बसली. चहा झाला नाही, अंघोळी झाल्या नाहीत. बुलबुल तगरीवर आली, घरट्याच्या कडेला बसली, आत वाकून पाहिलं आणि उडून गेली.

"बघितलंस?" गंगाधरराव म्हणाले. पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उत्तराचे डोळे भरून आले होते आणि तिला हळदीच्या हातांनी ते पुसताही येईनात.

पुन्हा आली. पुन्हा गेली. वेळ जाता जात नव्हता. कुकर लावायचा होता, पण उठणार कोण? मग चोचीत हिरवी अळी घेऊन ती परत आली. घरट्यातून चोच वर आली. तिनं अळी दिली.

"दिली!" उत्तरा म्हणाली.

"कुणाला दिली?" गंगाधरराव पुढे वाकले. "दोन आहेत आत. न पडलेल्याला दिली असेल. हात लागलेलं कुठलं, कशावरून ओळखायचं?"

आता या माणसाला काय म्हणावं! पण तेवढ्यात नर आला, चोचीत काहीतरी लालसर घेऊन, आणि दुसरी मान वर आली. ती मान, ते टक्कल, सगळं हळदीनं पिवळंधमक होतं. नरानं एकदा तिरकं बघितलं आणि दाणा त्या पिवळ्या डोक्याच्या चोचीत खोल घातला. मागोमाग मादी आली. तिनंही त्यालाच भरवलं.

उत्तरा हसायला गेली आणि हुंदकाच आला. "माझ्या पोरीला हळद लावायची राहिली हो माझ्या हातानं," ती म्हणाली. "तिच्या सासूनं लावली. सरुबाईंनी. मी इथे बसून राहिले. तुमची भीती म्हणून."

पिवळं डोकं पुन्हा वर आलं, पुन्हा भरवलं गेलं. नाक्यावर पूर्वी एखाद्या ट्रकखाली काहीच सापडायचं नाही, ड्रायव्हर खरंच बोलत असायचा. तेव्हा काय करायचं, हे गंगाधररावांना कधी नीट कळलं नव्हतं. असाच हात हलवून ते ट्रक सोडून देत.

"लाव फोन," ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

फोन मोठ्या आवाजात झाला. मोरीत नळ बंद होता.

त्यानंतरचे दिवस गंगाधररावांचे फार वाईट गेले. ती येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. येऊन बोलून दाखवेल, अशीही खात्री होती. वत्सलाबाईंना स्वतः बोलावून तगरीची फुलं घ्या म्हणाले, तेव्हा त्यांनीच उलट संशयानं विचारलं, "बरं आहे ना भाऊ तुम्हाला?"

तोवर पिल्लांना पिसं फुटली. पिवळं डोकं काळं झालं. शुक्रवारी दोघंही फांदीवर आली, तिथून कुंपणावर, आणि संध्याकाळी तगर रिकामी होती.

रविवारी संपदा आली. कडेवर मुलगा. फाटकाबाहेरच उभी राहिली. मागे भारत स्कूटरवरून न उतरता थांबला होता, गाडी चालू ठेवून. गंगाधरराव ओट्यावर होते. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बारीक झाली होती. चार वर्षांत चष्मा लागला होता, आणि तो कधी लागला हे त्यांना माहीत नव्हतं.

"अण्णा, येऊ का?"

काय बोलायचं हे गंगाधररावांनी तीन दिवस पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"त्याला गाडी बंद करायला सांग," ते म्हणाले. "आत या दोघं. आणि आतून कडी लाव, मांजर शिरतं."

"अहो, पिल्लं तर परवाच उडाली," दारातून उत्तरा म्हणाली.

"तरी लाव," गंगाधरराव म्हणाले.