हात स्वच्छ धुऊन यावे

एकेचाळीस व्हिसा आले आणि एक अडकला. तोही आपाचा.

दुसऱ्या कुणाचा अडकला असता तर भिंगरीने त्या माणसाला समोर बसवून, चहा पाजून, "होतंय हो, आमच्यावर सोडा" म्हणत वेळ मारून नेली असती आणि मग जिवाचं रान करून काम उरकलं असतं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. लोकांना उमऱ्याला न्यायचं, म्हणजे हजसारख्याच पण वर्षात केव्हाही करता येणाऱ्या यात्रेला, आणि त्यासाठी लागणारा कागद न् कागद जमवायचा. पण आपा त्याची मोठी बहीण. तिच्यापुढे वेळ कशी मारून न्यायची? लहानपणापासूनच्या त्याच्या सगळ्या थापा तिनेच पकडल्या होत्या.

भिंगरी हे नावही तिनेच ठेवलेलं. पाळण्यातसुद्धा हा पोरगा एका कुशीवर पाच मिनिटं राहिला नाही, असं ती सांगायची. पुढे ते नाव आळीत गेलं, आळीतून बाजारात. आता पासपोर्ट घेऊन येणारी माणसं जिन्याखालच्या घड्याळवाल्याला विचारायची, "भिंगरीचं ऑफिस वरच ना?"

गुरुवार होता. संध्याकाळी पाच वाजता, मक्केत राहण्या-फिरण्याची सोय बघणाऱ्या तिकडच्या कंपनीची यादी बंद होणार होती. यादीत ज्याचं नाव नाही त्याला तिकडे खोली नाही आणि बसमध्ये जागा नाही. शनिवारी सकाळी विमान. आत्ता दहा वाजले होते, आणि भिंगरी खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. कपाटात रबरबँड लावलेले पासपोर्टचे गठ्ठे होते, एका कुटुंबाचा एक गठ्ठा. प्रत्येक वेळी तो कपाट उघडून बघायचा आणि बंद करायचा.

"बसा हो जरा," बायको झेरॉक्स मशीनजवळून म्हणाली. "सकाळपासून इतक्या चकरा मारल्यात की आता त्या कपाटालाच व्हिसा मिळायचा."

"अगं, आपाचं काय करायचं ते सांग."

"मी काय सांगू? तुमची बहीण आणि तुमचा तो फोन."

अडलं होतं बोटांपाशी. व्हिसाच्या अर्जाला दहाही बोटांचे ठसे लागत. ते फोनवरच्या एका ॲपमधून द्यायचे. आधी पासपोर्टचं पान दाखवायचं, मग चेहरा, मग कॅमेऱ्यासमोर उजव्या हाताची चार बोटं, डाव्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे. एखादी पायरी अडली तर पुढची करून बघता यायची, पण ठरलेल्या वेळात सगळ्या झाल्या नाहीत तर ॲप बंद पडायचं आणि पासपोर्टच्या पानापासून पुन्हा सुरुवात. दुसरा मार्ग होता, पण तो राजधानीतल्या केंद्रात जाऊन यंत्रावर बोटं टेकवण्याचा, आणि तिथली पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनंतरची होती.

आठवडाभरात तीनदा करून बघितलं होतं. आपाचा चेहरा तिन्ही वेळा पहिल्या झटक्यात गेला. बोटं मात्र जाईनात.

आपा सूत रंगवायची. चाळीस वर्षं एकाच रंगशाळेत, गरम हौदावर. तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि त्यांवर कायमची एक निळसर छटा होती. भिंगरीला शाळेत घालताना फॉर्मवर आईच्या जागी अंगठा उठवला होता तो तिनेच, आणि तेव्हा तो ठसठशीत उठला होता. आई अंथरुणाला खिळलेली होती, आपा एकोणीस वर्षांची. त्यानंतर तीनदा तिचं उमऱ्याला जायचं ठरलं आणि तीनदा राहिलं. एकदा आईचं दुखणं, एकदा भिंगरीचं लग्न, एकदा त्याच्या जुळ्या मुलींचा जन्म. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले होते, चालायचं असेल तिथे याच वर्षी चालून घ्या.

आणि भिंगरी चाळीस परक्यांना आणि स्वतःला घेऊन जाणार, ती मागे राहणार! विमानात बसून तो ते कसं सोसणार होता, कोण जाणे.

बायकोने पेपरचा ट्रे आत ढकलला आणि अचानक थांबली.

"अहो, पहिल्या दिवशी आपांचा डावा हात गेला होता ना?"

"गेला होता. उजवा अडला."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी फक्त अंगठे."

"सोमवारी?"

"सोमवारी काहीच नाही. कशाला जखमेवर मीठ चोळतेस?"

"मीठ नाही चोळत. विचारतेय." ती त्याच्याकडे वळली. "झिजलेली बोटं तर पहिल्या दिवशीही झिजलेलीच होती. चार दिवसांत माणसाची बोटं आणखी झिजतात का? हे दिवसेंदिवस वाईट कसं होतंय?"

भिंगरी जागच्या जागी थांबला. गेल्या आठवडाभरात असं प्रथमच झालं असावं. त्याने तिन्ही वेळा ॲपबाहेर, फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने आपाच्या हाताचे साधे फोटो काढून ठेवले होते. तिकडच्या कंपनीला पाठवून गयावया करावी म्हणून. आता त्याने ते एकामागून एक बघितले. पहिल्या फोटोत बोटं निळसर, टोकांवर पुसट का होईना पण रेघा. दुसऱ्यात बोटं फिकट. तिसऱ्यात गुलाबी, चकचकीत, सोललेल्या बटाट्यासारखी.

"ही काय करते आहे बोटांना?" तो म्हणाला.

त्याने आपाला फोन लावला. तिने उचलला नाही. सोमवारपासून ती उचलतच नव्हती. त्या दिवशी जिना उतरताना एका एका पायरीवर थांबत ती म्हणाली होती, "माझं नाव काढ त्या यादीतून. तिकडूनच बोलावणं नाही म्हटल्यावर तू कितीही नाचलास तरी काय होणार?"

त्याने तिचा पासपोर्ट खिशात घातला. "अर्ज उघडून ठेव," तो बायकोला म्हणाला. "मी सांगितलं की लगेच पाठव."

"हेल्मेट!" ती ओरडली, पण तोवर तो अर्धा जिना उतरला होता.

रंगशाळेच्या दारातच वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला. आत ओलं सूत, सोडा आणि गरम पाण्याचा तोच वास. लहान असताना आपाचा डबा घेऊन तो इथे यायचा. ती तिसऱ्या हौदाजवळ होती, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, काठीने सुताची लड वरखाली करत.

"अरे भिंगऱ्या, चष्मा पूस आधी. हौदात पडशील, मग तुझाच फोटो ओळखायला येणार नाही."

"आपा, तू फोन का उचलत नाहीस?"

"हात ओले असतात."

"तीन दिवस?"

"तीन दिवस काम करतेय. सुट्टी टाकली होती यात्रेसाठी, ती रद्द केली." तिने काठी उचलली, लड निथळू दिली. "तू जा. सगळ्यांसाठी दुआ माग, माझ्यासाठीही माग. झालं."

"एक सांग. ऑफिसात यायच्या आधी तू हात कशाने धुवायचीस?"

ती त्याच्याकडे असं बघत राहिली, जणू त्याने तिला तिचं वय विचारलं होतं. मग तिने मानेनेच नळाकडे खूण केली. नळाच्या कोनाड्यात टाचा घासायचा काळा खरबरीत दगड होता आणि शेजारी ब्लीचिंग पावडरचा डबा.

"त्याने?"

"त्याने. आधी पावडरच्या पाण्यात बोटं बुडवायची, मग दगड. निळा निघायला वेळ लागतो बाबा. पहिल्या दिवशी साबणानेच धुतले होते, तर तू म्हणालास नीट धुतले नाहीस. शनिवारी म्हणालास अजून स्वच्छ. सोमवारच्या आधी तर रात्री घासले, पहाटे घासले. बोटं चुरचुरत होती, भाकरी मोडवत नव्हती." तिचा आवाज चढला. "तुझ्या त्या कागदावर लिहिलंय ना मोठ्या अक्षरांत? सातवा नियम. हात स्वच्छ धुऊन यावे. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, आणि हे फळ मिळालं!"

भिंगरीच्या डोळ्यांपुढे ऑफिसातली ती भिंत आली. प्लास्टिकमध्ये मढवलेली सूचनांची यादी, प्रत्येक यात्रेकरूला तिची एक प्रत. सातवा नियम त्याने स्वतः घातला होता, एक गॅरेजवाला ग्रीसने माखलेली बोटं घेऊन आला होता त्यानंतर. गॅरेजवाल्याला तो लागू पडला. पुढे सगळ्यांनाच लागू केला. आणि आपाला त्याने तीनदा, स्वतःच्या तोंडाने, दगडावर घासायला पाठवलं होतं.

तो नळापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"फिरू नकोस, चक्कर येते मला," आपा म्हणाली. "आणि रंग असला म्हणून वुजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, काही अडत नाही, ते ठाऊक आहे मला. रंग मुरतो, त्याचा थर बसत नाही, पाणी कातडीला लागतं. नमाजाला चालतात ही बोटं. तुमच्या फोनला चालत नाहीत."

"हात दाखव."

"कशाला?"

"आपा, दाखव गं!"

तिने दाखवला. तीन दिवस दगड लागला नव्हता, तीन दिवस हौद लागला होता. कातडी अजून पातळ होती, पण टोकांवर बारीक रेघा वर येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या खाचांत निळा रंग भरून बसला होता. आतून कुणी पेन्सिलीने गिरवल्यासारखा.

"बाहेर चल. उन्हात."

"थांब, धुऊन येते."

"नको!" तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या हौदावरच्या बायका वळून बघू लागल्या. "हात धुवायचे नाहीत. पाण्याला शिवायचं नाही. नुसते फडक्याने टिप."

"बघा गं बघा," आपा त्या बायकांना म्हणाली, "पन्नाशीला आला तरी हात धुवायचं नाव नको याला."

मागच्या अंगणात तारांवर सुताच्या लडी वाळत होत्या. भिंगरीने ॲप उघडलं. पासपोर्टचं पान गेलं. चेहरा गेला, कपाळाला आठ्या असूनही. मग उजवा हात. पडद्यावर चौकट आली, आपाने त्यात चार बोटं धरली. चौकट लाल. पुन्हा लाल. खाली अक्षरं आली, हलवू नका.

"नको ना हलवूस!"

"मी कुठे हलवतेय? चाळीस वर्षं उकळत्या हौदावर काठी धरलीय मी. तुझा हात हलतोय."

खरंच हलत होता. फोनच थरथरत होता. त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी थरथर थांबेना. ॲपच्या कोपऱ्यातली वेळ कमी होत चालली होती.

"माझ्या मागे ये," आपा म्हणाली. "कोपरं माझ्या खांद्यांवर टेकव. दोन्ही. घाबरू नकोस, मोडायची नाही मी. असा. आता श्वास सोड."

तिच्या डोक्यावरून त्याने फोन पुढे धरला. तिने उजवा हात उचलून कॅमेऱ्यासमोर नेला. चौकट लाल होती, पिवळी झाली, पिवळीच राहिली. भिंगरीने श्वास रोखला.

हिरवी.

"डावा," तो पुटपुटला.

डावा लगेच गेला. मग उजवा अंगठा. मग डावा अंगठा, आणि तो अडला. एकदा, दोनदा. त्या अंगठ्यावर काठीचा जुना घट्टा होता. आपाने तो जरा तिरका केला, उन्हाकडे.

"सरळ धर."

"गप्प. सूत कुठला रंग पकडतं ते बघायला उन्हात तिरकंच धरावं लागतं."

हिरवी.

रंगामुळे झालं, दगड न लागल्यामुळे, उन्हामुळे, की हात न हलल्यामुळे, हे भिंगरीला पुढेही कधी सांगता आलं नाही. चारही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. त्याने बायकोला फोन लावला. "गेले! दहाच्या दहा! पाठव!"

"पाठवला," ती म्हणाली. "आणि आता बसा."

अर्ज गेला तेव्हा साडेअकरा वाजले होते. एक वाजला, दोन वाजले. पडद्यावर एकच ओळ, अर्ज तपासणीत आहे. भिंगरी लडींच्या रांगांमधून ये-जा करत होता. निळ्यातून लालमध्ये, लालमधून पुन्हा निळ्यात. दर दोन मिनिटांनी तो पान ताजं करत होता. तिकडच्या कंपनीच्या माणसाला त्याने चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी त्या माणसाने उचलायचं बंद केलं. आपा हौदावर परत गेली होती. तीन वाजता ती डबा घेऊन बाहेर आली, पालथ्या घातलेल्या पिंपावर बसली आणि शेजारच्या पिंपावर थाप मारली.

"बस."

"बसवत नाही गं."

"नाही आला तर नाही आला. तीनदा राहिलं तेव्हा काय मेले का मी?"

"तीनदा तुझ्या हाताने राहिलं. या वेळी माझ्या हाताने राहतंय."

त्याचा दंड धरून तिने त्याला खाली बसवला. तो बसला, पण उजवा गुडघा वरखाली उडत राहिला. आपाने त्यावर हात ठेवून तो दाबून धरला. ओल्या हाताचा निळा पंजा त्याच्या पांढऱ्या विजारीवर उमटला.

"आपा, विजार!"

"असू दे. घरी कपडे तू धुतोस की बायको?"

"बायको."

"मग तिला सांग, दगड लावू नकोस."

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बायको होती. ती काही बोलायच्या आधी तिच्यामागे प्रिंटरची खरखर ऐकू आली, आणि भिंगरी ताडकन उठला. कागद बाहेर यायला लागतो तेव्हाचा तो आवाज त्याने एकेचाळीस वेळा ऐकला होता.

"आला," ती म्हणाली. "नाव यादीत घातलं. त्यांची पोचही आली."

त्याने फोन खाली केला. आपाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने डोळे मिटले, ओठ जरासे हलले, मग डब्याचं झाकण नीट बसवलं.

"शनिवारी किती वाजता?"

"पहाटे चारला बस."

"बरं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "आता जेवायचंय मला. धुऊ का?"