साक्षीचं रक्त

तिने कंट्रोलची, म्हणजे आधीच मोजलेल्या रक्ताची, छोटी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलकेच घोळवली. फ्रिजमधून काढलेलं रक्त असं हाताच्या उबेवर आणावं लागतं. घाईने हलवलं तर पेशी फुटतात. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजून तिने बूच काढलं, बाटली मशीनच्या सुईखाली धरली आणि बटण दाबलं. मशीनने घोट घेतला. मिनिटभराने पडद्यावर हिमोग्लोबिनचा आकडा आला : १३.९.

बाटलीसोबतच्या कागदावर छापलेला आकडा १२.८ होता. दोन-तीन दशांश इकडेतिकडे चालतात. अकरा चालत नाहीत. आणि ही तिसरी वेळ होती.

"उन्हात पडली असेल कुठेतरी," सुईकाका म्हणाले. "पाच आठवडे गोदामात अडकली होती. माणूस नासेल तिथे, हिचं काय."

सुईकाका या लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांचं रक्त काढत होते. कुठल्याशा रडक्या पोराने ठेवलेलं नाव पुढे मोठ्यांनीही उचललं. दोन खोल्यांची लॅब. रक्त काढायचं काकांनी, तपासायचं तिने, आणि रिपोर्टवर सही मालकीणबाईंची, म्हणजे डॉक्टरबाईंची. त्या दहानंतर येत.

"नासली असती तर तिन्ही वेळा वेगवेगळे आकडे आले असते," ती म्हणाली. "हे एकसारखे आहेत. आणि खोक्यावरची उष्णता दाखवणारी पट्टी अजून हिरवी आहे."

"मग मशीन गंडलं."

"मशीन कसं गंडेल? मीच ठीक केलंय ना. दोनदा."

बोलून झाल्यावर तिचा हात मशीनच्या झाकणावर तसाच राहिला.

लॅबची एक जुनी पद्धत होती. दर सोमवारी, पेशंटांची रांग लागायच्या आधी, मशीनची परीक्षा घ्यायची. त्यासाठी दोन साक्षीदार : एक ही विकतची बाटली आणि दुसरी ती स्वतः. काका तिच्या दंडाला पट्टा बांधत, दोन मिलिलिटर काढत, आणि आकडा येई १३.१. कधी १३.०, कधी १३.२. अकरा वर्षं. पडसं झालं, घर बदललं, आई गेली. आकडा जागचा हलला नाही. काका तिला नॉर्मलताई म्हणत. ती वरवर चिडायची, पण आतून तिला ते आवडायचं. बाकी आयुष्यात कुणी तिच्याकडे बोट दाखवून हे असं असावं, असं म्हटलं नव्हतं.

पाच आठवड्यांपूर्वी बाटल्या संपल्या, नवा माल अडकला, आणि साक्षीदार एकच उरला. त्या सोमवारी तिचं रक्त १२.६ आलं. पुन्हा घातलं, पुन्हा १२.६. मशीन जुनं होतं, त्याचा पंप कुरकुरायचा. तिने सेटिंगमध्ये जाऊन आकड्याला गुणणारा फॅक्टर वाढवला आणि आकडा १३.१ वर आणून ठेवला. दोन आठवड्यांनी आकडा पुन्हा घसरला. तिने पुन्हा तेच केलं. दोन्ही वेळा नोंदवहीत लिहिलं : मशीन कमी दाखवत होते, दुरुस्त केले. खाली सही.

आता तिने फॅक्टर मूळ जागी नेला आणि बाटली चौथ्यांदा सुईखाली धरली.

१२.८.

काकांनी खुर्चीकडे हात केला. ती बसली, बाही वर केली. काकांची सुई नेहमीसारखीच कळली नाही. ट्यूब सात-आठ वेळा उलटसुलट करून त्यांनी स्वतःच ती मशीनला पाजली.

१२.१.

"ताई," काका हळूच म्हणाले, "तुला काही होतंय का?"

तिने पडद्यावरच्या बाकीच्या ओळी वाचल्या. पेशींचा आकार ठीक. रंग ठीक. रक्त कुठून तरी झिरपत असतं तर एव्हाना पेशी बारीक, फिक्या व्हायला लागल्या असत्या.

"भूक लागते?"

"राक्षसासारखी."

"झोप?"

"पडल्या पडल्या."

"वजन?"

"तेवढंच."

"मग हा कसला आजार आहे तो मलाही लाव," काका म्हणाले, पण त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्यावरच होतं. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. तिथे तिची पिशवी होती, आणि पिशवीतून मळलेल्या बुटांची जोडी डोकावत होती. "ते पळणं जरा कमी कर. पळून पळून रक्त आटवलंस."

ती बुटांकडे बघत राहिली.

बूट धाकट्या बहिणीचे. तिला घट्ट व्हायचे म्हणून तिने दिले आणि वर म्हणाली, ठेवून देऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहिती आहे. त्या टोमण्यावर नऊ आठवडे निघाले होते. पहिल्या दिवशी दोन दिव्याच्या खांबांमधलं अंतर धावली आणि तिला वाटलं, बरगड्यांच्या आत कुणी मूठ आवळतंय. दुसऱ्या दिवशी जिना आडवी होऊन उतरली. पण ती मोजमाप करणारी बाई. तिने वही घातली. सकाळी अंथरुणातली नाडी, शहात्तरवरून चौसष्टवर. पोटरीचा घेर. घाम किती मिनिटांनी फुटतो. आधी बाराव्या, आता सहाव्या. उजव्या पायाचं दुसरं नख काळं पडलं त्याची तारीख. शरीर एखाद्या भाडेकरूसारखं आतल्या आत सामान हलवत होतं, आणि ती प्रत्येक आवाजाची नोंद ठेवत होती. वहीत सगळं होतं. रक्त तेवढं नव्हतं. ते लिहायचं कारणच नव्हतं. ते माहीत होतं.

"आटलं नाही, काका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "पातळ झालंय. पळायला लागलं की शरीर आधी रक्तातलं पाणी वाढवतं. पेशी मागून येतात, सावकाश. मी परीक्षेला लिहिलंय हे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

तिने ते अशा स्वरात सांगितलं की काका खुर्चीवर बसले.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, या महिन्यात सगळ्यांचीच रक्तं कशी छान येतायत? मला वाटलं, लोक पालेभाज्या..." आणि त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

ती आधीच उठली होती. संगणकात तिने एकच नाव शोधलं. त्यासाठी यादी लागली नाही.

बाबांच्या आतड्यात जखम होती. ती कधी झिरपायची, कधी थांबायची. त्यांच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं : आठ लक्षात ठेवा. आठच्या खाली गेलं की त्याच दिवशी दाखल करा, रक्त चढवावं लागेल. उद्यावर टाकायचं नाही, हृदय सोसणार नाही. तेव्हापासून दर शनिवारी बाबांचं रक्त तिच्या मशीनवर यायचं. ८.९. मग ८.७. मग ८.५. परवाच्या शनिवारी ८.४. घसरण मंदावतेय, औषध धरतंय, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं.

तिने ८.४ कागदावर लिहून मशीन जेवढ्या पटीने फुगवत होतं त्या पटीने भागाकार मांडला. ७.७ आले. तिने पुन्हा भाग दिला, शाळेतल्यासारखा, हातचे वर लिहून. ७.७.

आणि ती त्यांना चालवत होती.

नवीन नवीन धावणाऱ्या माणसाला जग सुधारायचं असतं. तीन आठवड्यांपासून रोज संध्याकाळी ती बाबांना घराजवळच्या बागेत नेत होती. ते म्हणायचे, पायात जीव नाही ग. ती म्हणायची, रिपोर्ट चांगला आहे, सबबी नकोत. काल तिसऱ्या फेरीत ते बागेचं फाटक धरून उभे राहिले होते. ओठ उघडे, नजर जमिनीवर. ती मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाली होती, दोन मिनिटं थांबा, मग शेवटची फेरी. आणि त्यांनी ती मारली होती.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"हे बघ," काका दबक्या आवाजात म्हणाले. "फॅक्टर जागेवर आलाय. आजपासून बरोबर जाईल. तू बाबांकडे जा, त्यांचं बघ. बाकीचं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बावीस वर्षं तेही याच लॅबचं खात होते.

तिने नोंदवही ओढून घेतली. पेन दोनदा उठलं नाही, तिसऱ्यांदा उठलं. तिने लिहिलं : मशीन बरोबर होते. साक्षीचे रक्त बदलले होते. पाच आठवड्यांचे हिमोग्लोबिनचे सर्व रिपोर्ट चुकीचे गेले आहेत. तारीख, वेळ, सही.

"डॉक्टरबाईंना आत्ता फोन करा. त्या येईपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर नको. आणि यादी काढा. आकडा काठावर असलेल्यांना आधी फोन."

"त्या विचारतील, कुणी केलं."

"सही आहे ना."

बाहेर रस्ता खणलेला होता आणि गाड्या एकमेकींच्या मागे नुसत्या गुरगुरत होत्या. टॅक्सीवाल्याने काचेतूनच मान हलवली. तिच्या पायात लॅबमधले सपाट बूट होते. पिशवीतले घालायला ती थांबली नव्हती. बाबांचं घर दोन किलोमीटरवर. ती धावायला लागली. बँकेसमोरची रांग, औषधांचं दुकान, शाळेची भिंत मागे पडत गेली. पाय आपोआप पडत होते, श्वास दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. शरीर शिकवल्याप्रमाणे चोख काम करत होतं, आणि आत ती एकच भागाकार पुन्हा पुन्हा करत होती.

दोन जिने चढून तिने घंटा दाबली. बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पावलं. मध्ये थांबलेली, पुन्हा निघालेली.

बाबा दारात उभे राहिले. अंगात बाहेर जायचा शर्ट. पायात चालायचे बूट, एकाची नाडी बांधलेली, दुसरी लोंबत होती. एक हात चौकटीवर.

"फोन का नाही उचललात?"

"वाजत होता," ते म्हणाले. "बूट घालत होतो. म्हटलं, एक काम पुरं होऊ दे." त्यांनी श्वास घेतला. "तूच म्हणालीस ना काल, आता सकाळचीही एक फेरी सुरू करा. अर्धा तास झाला, दुसरी नाडी बांधून होईना."

"बसा, बाबा."

"अगं निघालोच होतो. सबब नाही सांगत."

"बसा म्हणते ना."

ते बसले. तिने त्यांच्यासमोर वाकून अंगठ्याने त्यांची खालची पापणी हलकेच खाली ओढली. त्यांनी शहाण्यासारखं वर पाहिलं. आतली कड, जी लाल दिसायला हवी, ती धुतलेल्या कागदासारखी होती. याला मशीन लागत नाही. शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे दाखवतात. तीन आठवडे ती त्यांच्याकडे रोज येत होती.

"रिपोर्ट चुकीचा होता," ती म्हणाली. "तुमचा. माझ्या चुकीने."

बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती. त्यांनी थोडा विचार केला.

"तरीच म्हटलं. काटा अर्धी टाकी दाखवतोय आणि गाडी चढावर दम तोडतेय. मला वाटलं, गाडीच नाटकं करतेय."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं की," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "तू काटा दाखवलास."

तिने हॉस्पिटलला फोन केला. वय, आजार, आकडा, पत्ता. आकडा सांगताना ती अडखळली आणि मग नीट, सावकाश म्हणाली. रुग्णवाहिका खणलेला रस्ता टाळून मागच्या बाजूने येणार होती. पंधरा मिनिटं.

"मग बूट काढू?" बाबांनी विचारलं.

"नको, राहू द्या. जायचंच आहे."

ती खाली बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. मोज्यातूनही तो गार लागत होता. बाबा वरून तिच्याकडे बघत होते. कपाळावरचा घाम, चिखलाने माखलेले तिचे सपाट बूट.

"लॅबपासून धावत आलीस?"

"हो."

"एवढं सगळं? वर जिने?"

"हो."

खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता, तोंडाने, तुटक. दारापर्यंत येऊन परत खुर्चीत बसल्याला पाच मिनिटं होऊन गेली होती. तिचा श्वास केव्हाच जागेवर आला होता.

"दम नाही लागला?"

तिने नाडीची गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. वर पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"सुधारलीस की ग," बाबा म्हणाले, आणि पुढचं बोलण्यासाठी श्वास गोळा करायला थांबले.