पसंतीचा ठसा

“दोष काय आहे, तेवढं सांग,” फोरमन ऑग्डेन म्हणाला.

विल्फ्रेड हेस्केथने रणगाडाविरोधी तोफेच्या नळीत माप तपासायचा गेज पुन्हा सरकवला. तो कुठे अडकला नाही, की डुगडुगला नाही. लँकेशरच्या या कारखान्यात विल्फ्रेड एकवीस वर्षं नळ्या तपासत होता. त्याचा ठसा बसल्याशिवाय एकही नळी बाहेर पडत नसे. आज मात्र त्याने ठसा मारायची हातोडी बाजूला ठेवली होती.

“दोष? लहान आहे ती.”

“आराखड्यात आहे तेवढीच आहे.”

“मग आराखडाच लहान आहे. रविवारी इस्पितळात आमच्या ॲलनच्या तुकडीतला गडी भेटला. हात गेलाय त्याचा. म्हणाला, काका, गोळा रणगाड्याला लागतो अन् गारेसारखा उडून जातो. तिकडे लिबियात आपले लोक रणगाडा पार अंगावर येईपर्यंत दम धरून बसतात.”

ऑग्डेनने आवाज खाली आणला. “मोठ्या तोफेचे आराखडे वर्षभर माझ्या कपाटात पडलेत, विल्फ. मला काय ही लहान काढायची हौस आहे? पण डंकर्कहून माघार घेताना होत्या त्या तोफा तिथेच टाकून आलो आपण. आता यंत्रं बदलायला घेतली तर कित्येक महिने काहीच निघायचं नाही. वरचे म्हणतात, हीच काढा.”

“वरच्यांचा मुलगा आहे का तिथे?”

लेथ बंद करून एडना आली. ती ॲलनची बायको, विल्फ्रेडची सून. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

“बाबा, मारा ठसा.”

“तू म्हणतेस हे?”

“मग कोण म्हणणार? नवी येईपर्यंत त्यानं काय रायफल घेऊन उभं राहायचं रणगाड्यापुढे? ही पुरत नाही, कळतं मला. पण काहीतरी असू दे त्याच्यापाशी.”

विल्फ्रेडने हातोडी उचलली आणि नेहमीसारखा एकाच घावात ठसा उमटवला.

दोघा कामगारांनी नळी गाड्यावर चढवली. गाडा हळूहळू दाराकडे निघाला. रस्त्याने कुणाची अंत्ययात्रा चालली की या गावातले पुरुष जिथे असतील तिथे थांबतात आणि डोक्यावरची टोपी काढतात. विल्फ्रेड तसाच उभा होता, टोपी छातीशी धरून. त्याचे त्यालाच कळले नव्हते.

एडनाने ते पाहिले.

“टोपी घाला, बाबा,” ती म्हणाली. “अजून तसं काही झालेलं नाही.”

त्याने घाईघाईने टोपी घातली. ती वाकडी बसली होती. एडनाने तेलकट बोटांनीच ती सरळ केली आणि आपल्या लेथकडे गेली.