ताकीदपत्रावरचं नाव

बरणीकाका संतापले होते, आणि त्यांचा संताप रास्त होता.

एकतीस वर्षं हा माणूस संग्रहालयाच्या तळघरात माशांच्या बरण्या सांभाळत आला होता. झाकणं तपासायची, उडालेलं स्पिरिट भरायचं, आतल्या चिठ्ठ्या पुसट झाल्या की पेन्सिलीने नव्या लिहायच्या. शिक्षण आठवी. या महिनाअखेर निवृत्ती. संशोधक बाई सहा वर्षांपूर्वी इथे आल्या, पण ‘काका, ती बरणी द्या’ यापलीकडे त्यांचं काकांशी बोलणं नव्हतं.

आज मात्र बाई स्वतः खाली आल्या. शोधनिबंध पूर्ण झाला होता. आजवर एकच समजला गेलेला तळ्यातला मासा मुळात दोन जातींचा निघाला होता. एक चिखल चाळून खातो, दुसरा दगडावरचं शेवाळ खरवडतो. हजारो वर्षांपूर्वी एकाच तळ्यात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे जनुकांवरून सिद्ध झालं होतं.

काकांनी चष्मा लावून पानं उलटली. मग शांतपणे विचारलं, ‘‘लाल दोऱ्याच्या बरण्या कुठे आहेत यात?’’

‘‘आहेत की. हे बघा, संग्रहातील नमुने.’’

‘‘म्हणजे संग्रहाने ते आपले आपणच वेगळे केले होय?’’

बाई हसल्या. ‘‘काका, ते तर तुमचं नेमून दिलेलं काम.’’

झालं. काका ताडकन उठले आणि कपाटातला एक घडी पडलेला कागद त्यांनी टेबलावर आपटला. ‘‘वाचा, काय नेमून दिलं होतं ते!’’

ते एकोणीस वर्षांपूर्वीचं ताकीदपत्र होतं. तेव्हाच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, की एकाच माशाला चाळीस बरण्या कशाला, सगळे एका पिंपात ओता आणि फळी मोकळी करा. काकांनी ओतले नाहीत. स्पिरिट भरताना त्यांना दिसलं होतं, की काही माशांचं तोंड खाली वळलेलं आहे आणि दात ब्रशसारखे आहेत. त्या बरण्यांना लाल दोरा बांधून त्यांनी त्या जिन्याखाली दडवल्या. हुकूम मोडला म्हणून ताकीद मिळाली, बढतीही अडली. बाईंनी नमुने मागितले तेव्हा काकांनी त्याच बरण्या काढून दिल्या होत्या.

‘‘ऐकलं असतं तर आज तुमच्या हाती पिंपभर लगदा आला असता.’’

‘‘पण काका, लेखक म्हणजे निदान पदवीधर तरी...’’

‘‘दात बघायला पदवी लागत नाही, डोळे लागतात. एकतीस वर्षांत या इमारतीत माझं नाव याच एका कागदावर आलं, बाई. तोही जोडा तुमच्या निबंधाला.’’

बाईंनी ताकीदपत्रावरचं नाव वाचलं. पहिल्यांदाच. दोनशे माशांची शास्त्रीय नावं त्यांना झोपेतही म्हणता येत होती, आणि या माणसाचं पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पाठोपाठ रागही आला.

त्या तडक आताच्या साहेबांकडे गेल्या आणि काकांचं नाव लेखकांत घालायचं म्हणाल्या. साहेब म्हणाले, ‘‘असं म्हणता? उद्या झाडूवाल्याचंही नाव घालाल.’’

‘‘त्याने शोध लावला तर घालीनच. काकांचं नाव नसेल तर माझंही काढा. आणि ही ताकीद लेखी मागे घ्या.’’

‘‘बघू.’’

‘‘एकोणीस वर्षं बघितलंच आहे. सही करा.’’

साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली.

काकांनी निबंधावर आपलं नाव पाहिलं, बाईंच्या नावाला लागूनच. आभार मानले नाहीत. का मानावेत? ‘‘उशीर केलात,’’ एवढंच म्हणाले आणि उरलेल्या बरण्या तपासायला वळले.

मंडळी, माशाच्या दातातला केसाएवढा फरक आपण भिंगातून शोधतो आणि शेजारी राबणाऱ्या माणसाला मात्र एकाच पिंपात ओततो. दुसऱ्याच्या नजरेवर स्वतःचं नाव लावणं ही चोरी आहे. तिला पद्धत म्हटल्याने ती साव होत नाही. तुमच्याही कचेरीत असा एखादा काका असेल, नाहीतर मावशी. उद्या कामावर गेलात की आधी त्यांचं पूर्ण नाव विचारा.