तिरका काप

माणसाने मृत्यूवर विजय मिळवला आहे, अशी घोषणा मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केली.

"चिखलाच्या चपला बाहेर," बायको म्हणाली.

विजय परसातला होता. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, लहानपणी लावलेली तुती मी चार महिन्यांपूर्वी तोडली. भिंतीला तडा जात होता. आक्काला सांगायचं तेवढं राहिलं. ती अजून माझा कान पिळते, आणि मी अडुसष्ट वर्षांचा आहे. पुढच्या महिन्यात ती येणार होती. पण बुंध्याला फुटवे आले होते! दुसऱ्या दिवशी गवंडी बुंधा उपटणार, म्हणून आम्ही घाईने फुटव्यांच्या काड्या केल्या. बायकोने कापायचं, मी रोवायचं. चौदा काड्या. कुंड्या संपल्या, बादल्या संपल्या, शेवटची काडी माझ्या जुन्या हेल्मेटात गेली.

तीन आठवडे रोज हजेरी घेतली. सगळ्या ढिम्म.

"तुमचा हातच वाईट," बायको म्हणाली.

"हात कसला वाईट? तिरका काप खाली घालून नीट रोवल्यात."

तिची झारी हवेतच थांबली. "खाली? अहो, तिरका काप वरचा! पाणी साचू नये म्हणून. माझ्या माहेरी सगळे वरच तिरका देतात."

"आमच्याकडे खाली. मातीत सरळ घुसतो."

चाळीस वर्षांचा संसार, आणि चौदा काड्या शीर्षासनात! बुंधा तर केव्हाच गेला होता. आम्ही धावत सुटलो, एकेकीला पायावर उभं केलं. हसता हसता बायको मटकन बादलीवर बसली आणि एक काडी शहीद झाली. बाकीच्या वाळत गेल्या. आक्का यायच्या आदल्या दिवशी मात्र हेल्मेटातून उंदराच्या कानाएवढं पान बाहेर आलं. आम्ही दोघं परसात नाचलो. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

आक्का आली ती थेट परसात. मी एका दमात सगळं कबूल केलं. दोन्ही कान तयार ठेवले. "पण ही तीच तुती, आक्का! तुझीच! अमर आहे ती!"

आक्का वाकली. पानाला बोट लावलं.

"तुती खायला मिळतील?"

"मिळतील की! दोन-तीन वर्षांत."

तिने पिशवी खाली ठेवली.

"मग खुर्ची आण. पाठ टेकता येईल अशी."