फट नसलेलं कपाट

माझे सासरे सुतार. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं केली आणि हट्ट एकच धरला: दार लावलं की फटीतून कागदसुद्धा आत जाता कामा नये. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला. औषधाने थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी बाबांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली, हात खिशात घातला आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. हाताचा विषय घरात काढायचा नाही, हे न सांगता ठरलं. पाहुणे आले की बाबांना नेमका चहा नको असायचा.

मी फटकळ बाई. मनात येईल ते बोलून मोकळी होते. पण त्यांच्यापुढे मीही मूग गिळून बसायचे. नवऱ्याला तर एकच वाक्य पाठ, "त्यांना त्रास देऊ नकोस." त्रास न देता देता आम्ही त्या माणसाला पार कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं.

माझा धंदा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. लोक यादी देतात, मी सुटे भाग आणते आणि घरच्याच टेबलावर जोडते. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा मात्र कधीचा पोचे येऊन वाकला होता. एक दिवस तो उचलून मी बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, याला लाकडाचं घर करून द्याल?"

"दुकानात मिळत नाही होय?"

"मिळतं. सगळे एकजात काळे, वर आत दिवे लुकलुकतात. मला नको."

त्यांनी डाव्या हाताने डबा फिरवून बघितला. मग म्हणाले, "किती बाय किती?"

पुढचे दोन महिने काम चाललं, तेही आम्ही आसपास नसताना. जुन्या कपाटाच्या दाराच्या फळ्या त्यांनी माळ्यावरून काढल्या. रंधा दोन्ही हातांनी दाबून धरला की हाताचं कापणं कमी होत असावं, कारण मागच्या खोलीतून तो आवाज सलग यायचा आणि मी भाजी चिरता चिरता थांबायचे. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तीन दारं त्यांनी स्वतःच नापास केली. चौथं बसलं.

झालं ते एक छोटं कपाटच होतं. एकही खिळा नाही, पितळी बिजागऱ्या, आणि दार लावताना कानाला कळेल न कळेल असा आवाज. "बाबा, यात कॉम्प्युटर ठेवायचा की मोजे?" नवऱ्याने विचारलं. बाबा हसले.

घोळ माझाच होता. मी प्रत्येक भागाचं माप दिलं, वायरींना मागे भोक सांगितलं, हवेचं बोललेच नाही. आमच्या धंद्यात ते कुणी सांगत बसत नाही. कॉम्प्युटर तापतो आणि त्याला वारा लागतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि बाबांच्या धंद्यात फट म्हणजे पाप. वायरींच्या भोकालासुद्धा त्यांनी आतून जाड लोकरी कापड चिकटवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून.

सगळे भाग कपाटात बसवून मी कॉम्प्युटर चालू केला. अकरा मिनिटं चालला आणि बंद पडला. मी दार उघडलं तर गरम वाफारा तोंडावर आला. बाबा नेमके खोलीच्या दारात उभे.

"झालं?"

"झालं. एकदम मस्त चालतोय."

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेल्यावर मी सगळे भाग परत त्या वाकड्या डब्यात घातले, डबा टेबलाखाली सरकवला आणि पुढे चादर सोडली. वर रिकामं कपाट, मागून दाखवायला चार वायरी. खोटं आठ दिवस टिकलं. पण चोराच्या मनात चांदणं. बाबा टेबलाजवळून नुसते गेले तरी मी उगाच चादर सारखी करायचे.

नवव्या दिवशी त्यांनी कपाटावर डावा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"सकाळपासून चालू आहे ना?"

"हो."

"लाकूड गार आहे."

मग ते वाकले आणि चादर उचलली.

ओरडले असते तर बरं झालं असतं. "गिऱ्हाइकांनी माझी कपाटं तोंडावर परत केली आहेत," ते म्हणाले. "एकाने भर रस्त्यात ठेवलं होतं. त्याचं एवढं वाईट नाही वाटलं. तू मला दुखणाईत समजलीस."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "मग काय समजू? वर्षभर हात खिशात घालून कोण बसलंय? तुम्ही लपवलंत, मीही लपवलं."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी हातातली चादर बाजूला टाकली. मग म्हणाले, "बिघडलं काय ते तरी सांग."

"हवा जात नाही आत. भोकं पाडावी लागतील. खाली आणि वर मिळून साठेक."

"तयार कामाला?"

"हो, बाबा."

"आख," ते म्हणाले.

मी पट्टी लावून पेन्सिलीने खुणा केल्या. ड्रिल मी चालवते म्हटलं, तर बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ते स्वतः हातात घेतलं. तिसऱ्याच भोकाला हात घसरला आणि पॉलिशवर लांब ओरखडा उठला. आजवर अशा वेळी मी दुसरीकडे बघायचे. या वेळी तिथेच उभी राहिले, फळी घट्ट धरून. साठ भोकांना दोन दिवस लागले. शाळा सुटल्यावर रांग मोडून धावणाऱ्या पोरांसारखी ती दिसत होती. कॉम्प्युटर मात्र दिवसभर चालला, आणि लाकूड जेमतेम कोमट झालं.

महिन्याभराने एक दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांचा दुरुस्त झालेला कॉम्प्युटर न्यायला आल्या. कपाट बघून तिथेच थबकल्या. दार उघडून बघितलं, लावून बघितलं. दवाखान्यासाठी असंच एक हवं म्हणाल्या. मग खाली वाकून म्हणाल्या, "काम इतकं सुबक, आणि ही भोकं अशी वेडीवाकडी कुणी पाडली?"

मी पाडली म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"मी," खुर्चीतून बाबा म्हणाले. "हात कापतो माझा, वर्ष झालं. दार घट्ट बसेल. भोकं सरळ येणार नाहीत. चालत असेल तर माप सांगा."

"चालेल की," बाई म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. मी मोजायची टेप शोधायच्या निमित्ताने आत गेले, कारण तिथे थांबले असते तर त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडले असते.