रुखवतातल्या दोन चुली

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं, विजयमालाचं, लग्न निघालं. मुलगा मंद्रूपचा, दोघा भावांतला धाकटा. रुखवत मीच करणार हे ठरलेलं. निम्म्या पेठेची रुखवतं माझ्या हातची. बाकीचे लोक रुखवतात साहेबाचा बंगला मांडतात. ज्याला स्वतःची मोरी धड बांधता येत नाही, त्यानं कशाला साहेबाचा बंगला बांधावा? मी नवरीचं सासर मांडतो. घर बघायला जातो तेव्हाच सगळं डोळ्यांत भरून घेतो आणि जोंधळ्याच्या चिपाडांनी तसंच्या तसं उभं करतो.

मंद्रूपचं घरही केलं. माळवद, गोठा, आड. सोप्यात चिंध्यांचे दोन भाऊ. मागं मातीच्या दोन चुली, मधे कुडाची भिंत.

लग्नादिवशी बायका वाकून वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "अगं बया, चुली दोन कशा गं?" कुजबुज सुरू झाली. मला काही कळेना. तेवढ्यात नवऱ्याची आई बजाबाई आली नि भडकलीच.

"कुनी केलं हे? आमचं घर एकत्र हाय! चाळीस एकर, एक चूल!"

"मी दोन बघितल्या की."

"एक पानी तापवायची!"

"मग पाण्याच्या चुलीवर भाकरीचा तवा कशाला होता, विहीणबाई?"

ती पुढं होऊन चूल पदराआड करायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाऊ वेगळे झाले होते. चाळीसचे वीस उरले होते, आणि सोयरीक जमावी म्हणून आमच्यापासून लपवलं होतं. आता माझे दाजी हिंदुराव, पोरीचा बाप, या मंद्रूपकरांना धरतील असं वाटलं. दाजींनी मलाच धरलं.

"गंगाधर, ती चूल उचल."

"दाजी, फसवलंय तुमाला."

"उचल म्हनतो की! चार मानसांत माझी लाज घालवतोस व्हय?"

फसवलं त्यांनी, लाज गेली यांची, आणि गुन्हेगार मी! मी म्हणालो, "खरं काय ते कबूल होईस्तोवर पोरीला बोहल्यावर आणणार न्हाय. मामा मी हाय. बघू कोण आणतंय."

भटजी ओरडले, घटका बुडत आली. मी तरातरा आत गेलो. विजयमाला पिवळ्या लुगड्यात बसली होती.

"पोरी, वीसच एकर हाय. तू नको म्हण, हितंच लग्न मोडतो."

तिनं सगळं ऐकलं होतं. "मामा, जाऊ येगळी रांधती व्हय?"

"व्हय."

"आन सासू कुनाच्या चुलीवर?"

मी आठवू लागलो. हे कसलं विचारणं? "थोरल्याच्या. म्हातारी तितंच भाकरी थापत होती."

विजयमाला चक्क हसली. "मग उठा की! मुहूर्त चाललाय."

मी तिचा हात धरला. दोन पावलं टाकली नि थांबलो. बाहेर बजाबाईचा आवाज चढलेला, दाजी तिची समजूत घालतायत, आणि इथं ही हसतीय. मग मी भांडत होतो कुणासाठी?

"चला की मामा," म्हणत पोरीनंच मला ओढत बोहल्याकडं नेलं.